अठरा अंशांचे नाना

नानांचा डावा हात पाहून नवखा माणूस हमखास फसायचा. मनगटापासून कोपरापर्यंत तो हात अगदी गुळगुळीत होता आणि उजवा मात्र चांगला केसाळ. कोणी विचारायचं, "नाना, भाजलं का काय?" कोणी आवाज खाली आणून नगरच्या एखाद्या चामडीच्या डॉक्टरचा पत्ता सांगायचं. नाना याच प्रश्नाची वाट पाहत असायचे. ते उठून आत जायचे, रुमालात गुंडाळलेली सुरी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "द्या तुमचा हात."

हात देणारे थोडे, घड्याळ बघून उठणारे फार. मग नाना स्वतःच्याच हातावरून सुरी फिरवायचे. तिथे भादरायला आता काही उरलेलं नसायचं, त्यामुळे पुरावा मिळायचा नाही आणि नाना नाराज व्हायचे. पुराव्यासाठी दुसरी वस्तू म्हणजे वर्तमानपत्र. ते दुसऱ्याचं असेल तर उत्तम. पान उभं धरायचं, वरून सुरी नुसती टेकवायची आणि ती आपल्या वजनानं खाली उतरते की नाही ते पाहायचं. नाना आमच्याकडे सकाळी चहाला येऊन गेले की आमच्या पेपराच्या चिरफळ्या व्हायच्या. निवडणुकीच्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्यात कोण निवडून आलं हे मला शाळेत गेल्यावर कळलं, कारण विजयी उमेदवार नानांनी उभा चिरला होता.

शेवगावात आमचं घर बाजारपेठेपासून जरा बाहेर, एका नव्या कॉलनीत. नाना आणि काकी आमच्या समोरच राहायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझा दिवस बाहेर जातो आणि कॉलनीतल्या बातम्या मला सासूबाईंकडून मिळतात. पण नानांच्या बातम्या कोणी सांगाव्या लागत नसत. त्या दारातून आत यायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि चहा मागायच्या.

नाना इंजिनिअर. उभा जन्म सरकारी बांधकामात गेला. त्यांच्या नजरेखालून गेलेले रस्ते या भागात अजून आहेत, म्हणजे कुठे रस्ता होता हे दाखवता येईल इतपत आहेत. त्यांनी बांधलेल्या रस्त्याखालच्या एका मोरीतून पाणी चढावर जावं अशी अपेक्षा होती. पाण्यानं ती मानली नाही, आणि दर पावसाळ्यात ते शेजारच्या मळ्यातून आपली वाट काढायचं. नोकरीत असताना नानांनी अर्ध्या अंशासाठी कधी जीव टाकल्याचं कोणाला आठवत नाही. "चालतंय, चालतंय" हा त्यांचा त्या काळातला शब्द होता, असं त्यांचेच जुने ड्रायव्हर सांगतात.

मग निवृत्ती आली. फोन वाजायचा थांबला. दिवाळीला मिठाईचे खोके यायचे ते बंद झाले. नाना काही दिवस गेटपाशी उभे राहून कॉलनीतल्या गटारीचा उतार कसा चुकलाय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पण गटार त्यांच्याच खात्यानं केलेली असल्यामुळे लोक फक्त हसायचे. अशात एकदा मोबाईलवर त्यांना एक दाढीवाला गोरा दिसला. तो एका यंत्रावर सुरीला धार लावत होता. नाना संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत बसले, आणि त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन करून ते यंत्र मागवून घेतलं.

यंत्र म्हणजे फार काही नाही. एक लोखंडी बैठक, तिच्यावर सुरी घट्ट धरणारा चिमटा, आणि बाजूच्या उभ्या खांबाला अडकवलेली एक लांब दांडी. दांडीला दगड बसवायचा. खांबावर दांडी जितक्या उंचीला अडकवाल तितक्या कोनात दगड सुरीवर चालतो, आणि एकदा कोन पक्का केला की पहिल्या घासणीपासून शेवटच्या घासणीपर्यंत तो तसूभर हलत नाही. दगड खरखरीत ते आरशासारखा असे चढत्या क्रमानं, आणि कोन मोजायला काडेपेटीएवढं एक वेगळं यंत्र, त्यावर आकडे उमटायचे. नाना या सगळ्याला मिळून 'सिस्टीम' म्हणत. कॉलनी 'सिष्टीम' म्हणायची.

स्वयंपाकाच्या सुरीला अठरा अंश. हा आकडा नानांनी आमच्याकडून पाठ करून घेतला. सतराला पातं नाजूक होतं, एकोणिसाला जाड. ज्यांच्या मोरीचा उतार उलटा पडला ते नाना आता अर्ध्या अंशासाठी दुपारची झोप सोडू लागले. कोणाच्याही घरी गेले तरी पाणी प्यायच्या आधी स्वयंपाकघराकडे मान वळवून ते विचारायचे, "तुमच्या सुरीचा अंश किती?" सासूबाईंनी पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा त्या म्हणाल्या, "ताप न्हाई बगितला आजून."

"हात लबाड असतो. दांडी लबाड नसते." हे नानांचं ब्रह्मवाक्य. ते म्हणताना तर्जनी वर जायची आणि आवाजाला सरकारी धार यायची. सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याला त्यांनी कॉलनीच्या तोंडाशीच अडवायला सुरुवात केली. तोही काही साधुपुरुष नव्हता. ठिणग्या भरपूर पाडायचा आणि निम्मी सुरी घासून हवेत उडवायचा. दोघांची एकदा अशी जुंपली की शेवटी धारवाला म्हणाला, "सायेब, तुमी फुकट करता, मंग माज्या पोटावर कशाला?" नानांनी त्याला हात आणि दांडी यांतला फरक समजावून सांगायला घेतला. त्यानं सायकलला टांग मारली, तो पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सूर्य, फुलं आणि सुविचार येतात. नानांनी तिथे धारेचे फोटो टाकायला सुरुवात केली. मोबाईलला लावायचं एक भिंग त्यांनी मिळवलं होतं, त्यातून पात्याची कड डोंगररांगेसारखी दिसायची. पहिल्या फोटोला लोकांना वाटलं तलाव आटलाय. कोणी हात जोडले, कोणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, आणि एकानं विचारलं की प्लॉट कुठला आहे.  नानांनी खाली फक्त लिहिलं, 'अठरा.'

हे सगळं चालू असताना त्यांच्याच घरात एक सुरी मात्र सिस्टीमखाली गेली नव्हती. ती काकींची.

काकी तिसगावकडच्या. त्यांच्या वडिलांनी टेम्पोच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा बाजारच्या दिवशी लोहाराकडून ठोकून घेतला होता, त्याची ही सुरी. बोटभर रुंद, काळी, आणि लाकडी मुठीला सुताची दोरी गुंडाळलेली. लग्नात काकींबरोबर भांडी आली ती केव्हाच मोडीत गेली, ही राहिली. ती फारच बोथट झाली असं वाटलं की काकी मागच्या दारी जायच्या, पायरीच्या शहाबादी फरशीच्या कडेवर दोनदा घासायच्या, पदराला पुसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. ते खर्र-खर्र ऐकलं की नाना पुढच्या खोलीत डोळे मिटायचे.

"हा दगडावर अत्याचार आहे आणि सुरीवर बलात्कार," असं ते एकदा म्हणाले. काकी आतून म्हणाल्या, "जिभंला लावा आधी तुमची सिष्टीम."

नानांना ती सुरी हवी होती. अख्ख्या कॉलनीच्या सुऱ्या एका बाजूला आणि ती एक एका बाजूला. त्यांनी गोडीनं मागून पाहिली, रागावून पाहिली, काकी देवळात गेल्या असताना शोधून पाहिली. काकी ती कनवटीला लावून देवळात गेल्या होत्या. "साऱ्या शेवगावला धार लावली," नाना आमच्याकडे येऊन म्हणायचे, "आणि माझ्या घरात बोथट. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." त्यांच्या आवाजात त्या वेळी खरंच दुखावलेपण असायचं. ज्या माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी साहेब म्हटलं, त्याचं एक यंत्र त्याच्या बायकोनं मोजलं नाही, ही गोष्ट त्यांना टोचत होती.

त्या वर्षी नवरात्रात नानांनी घोषणा केली. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, पण कसली पुजतो? गंजलेली, बोथट, अठरा अंशांचा पत्ता नसलेली. देवीपुढे असं हत्यार ठेवणं हा तिचा अपमान आहे. म्हणून सगळ्या घरांनी आपापल्या सुऱ्या आधी त्यांच्याकडे द्याव्यात. त्या धार लावून पूजेला मांडल्या जातील आणि दसऱ्याच्या सकाळी ज्याच्या त्याला परत मिळतील. विषय देवीचा असल्यामुळे कोणाला नाही म्हणता आलं नाही. मुठींना नावाच्या चिकटपट्ट्या लावून सुऱ्या गेल्या. आमच्या सासूबाईंनी विळी पाठवली होती, ती सिस्टीमच्या चिमट्यात मावेना. विळीचा पाट हवेत आणि पातं खाली, अशा अवस्थेत बराच वेळ लोंबकळून ती परत आली. मग त्यांनी नाइलाजानं सुरी पाठवली.

ते दिवस नाना ना फिरायला गेले, ना धड झोपले. दिवसभर त्यांच्या ओसरीतून बारीक सळसळ ऐकू यायची. खंडेनवमीला त्यांच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरीवर सुऱ्यांची रांग, प्रत्येकीला हळदीकुंकू, झेंडूचं फूल, आणि मधोमध चौरंगावर सिस्टीम, तिला मोठा हार. आम्ही सगळे पाहायला गेलो. पाती अशी चमकत होती की आपापली सुरी ओळखू येईना. नानांनी आरती म्हटली. काकींनी आत आपल्या काळ्या सुरीला कुंकवाचं एक बोट लावलं आणि ती फडताळात ठेवून दिली.

दसऱ्याच्या सकाळी सुऱ्या घरोघर परत गेल्या. सणाचा स्वयंपाक, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, भज्यांचा कांदा. आणि इथे आमच्या बायकांची चिरायची रीत आड आली. आमच्याकडे कांदा पाटावर ठेवून कोणी चिरत नाही. कांदा डाव्या हातात, सुरी उजव्या हाताच्या बोटांत, आणि पातं आपल्याकडे ओढायचं ते उजव्या अंगठ्यावर येऊन थांबेपर्यंत. अंगठा म्हणजे सुरीचा ब्रेक. आई अशी चिरत होती, आजी अशी चिरत होती, बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, भांडता भांडता. हे जमतं याचं कारण एकच, की आमच्या घरातल्या सुऱ्या कांदा कापतात पण अंगठा कापत नाहीत. तेवढीच धार त्यांना ठेवलेली असते. ही गोष्ट कोणी कधी बोलून दाखवली नव्हती, कारण बोलायची वेळ आली नव्हती.

पहिली हाक आमच्याच घरातून गेली. सासूबाईंचा अंगठा. मी चिंधी शोधतेय तोवर शेजारून, मग पलीकडून, मग कोपऱ्यावरून. कॉलनीत सकाळभर नळाखाली हात धरलेल्या बायका. औषधाच्या दुकानात पट्ट्या संपल्या आणि दुकानदारानं विचारलं की कुठे पडझड झालीय का. संध्याकाळी सोनं द्यायला घरोघर जाणं झालं, तर जो हात पुढे येईल त्याचा अंगठा पांढरा. आपट्याचं पान चिंधीच्या अंगठ्यात धरून बायका एकमेकींना "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत होत्या. नाना झेंडूच्या माळेखाली उभे राहून सगळ्यांचं सोनं घेत होते आणि प्रत्येकीला विचारत होते, "कशी वाटली?"

सगळ्या कॉलनीत शाबूत अंगठा एकच होता, काकींचा.

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण हात दाखवून अवलक्षण केल्याशिवाय नानांना चैन पडत नसे. त्यांनी निदान केलं की दोष धारेचा नाही, पद्धतीचा आहे. पुढच्या रविवारी त्यांनी गच्चीवर बायकांना बोलावलं. टेबलावर लाकडी पाट, त्यावर कांदा, शेजारी फळा. डाव्या हाताची बोटं आत वळवून पंजा कसा करायचा याची आकृतीही फळ्यावर होती. तिथे बसलेल्या बायकांनी आजवर किती कांदे चिरले असतील याचा हिशेब देवालाही लागणार नाही, आणि शिकवणाऱ्यानं त्याआधी एकही चिरला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं.

सासूबाई पट्टीचा अंगठा वर करून म्हणाल्या, "नाना, एक कांदा चिरून दावा."

नानांनी चष्मा लावला. पंजा केला. कांदा घसरला, तो पकडून आणला. मग त्यांनी तो चिरला. प्रत्येक चकती सारखी, पारदर्शक, अगदी देखणी. पण शेवटची चकती पडेपर्यंत पहिली सुकली होती. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "एवढ्यात आमचा सैपाक व्हून, जेवनं व्हून, भांडी बी घासून झाली असती." बायका हसल्या आणि चहा घेऊन खाली उतरल्या.

त्याच संध्याकाळी कॉलनीत एक आवाज सुरू झाला. मागच्या दारांमधून, पायऱ्यांवरून, धुण्याच्या दगडावरून. खर्र-खर्र. एका घरातून थांबला की दुसऱ्यातून. बायका आपापल्या सुऱ्यांची धार उतरवत होत्या. नाना गेटपाशी येऊन कान देऊन उभे राहिले. "हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. मला खोटं बोलायची सवय नाही, पण त्यांचा चेहरा पाहून खरंही बोलवेना. "भांडी घासतायत," मी म्हटलं.  पण नानांनी आवाज ओळखला होता. आयुष्यभर तो त्यांच्या मागच्या दारी वाजत आला होता.

त्यानंतर काही दिवस सिस्टीम खोक्यात गेली. ग्रुपवर सूर्य आणि फुलं परतली. एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना नानांनी काकींना विचारलं, "तुला माहीत होतं ना असं होणार?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

काकी मटार सोलत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "तुमी इचारलं कवा? तुमी अंशच इचारता."

 दुसऱ्या सकाळी आमच्याकडे येऊन नानांनी पेपरही चिरला नाही, नुसता वाचला.

पुढचं सांगताना मला हसता येत नाही, पण सांगायला हवं. काकींना शुगर जुनी. वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या आणि गुपचूप गुळाचा खडाही चालू होता. आधी एका डोळ्यापुढे जाळं आलं, मग दुसऱ्या. नगरला खेपा झाल्या, लेझर झालं. शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं. काकींनी हे फार आरडाओरडा न करता घेतलं. घर त्यांच्या पायाला पाठ होतं, डबे हाताला पाठ होते, आणि चिरायचं तर त्यांना कधीच बघावं लागलं नव्हतं. "आंगठ्याला दिसतं," त्या म्हणायच्या.

पण नगरच्या डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली आणि काकींना ती कळली नाही. म्हणजे अंगठ्यालाही आता दिसत नव्हतं. डॉक्टरांनी नानांना बाजूला घेऊन सांगितलं की हाताला जखम होऊ देऊ नका, झाली तर भरणार नाही, आणि पुढे बोट जाईल, हात जाईल. पुण्याहून मुलगा आला. त्यानं ठरवून टाकलं की आईनं स्वयंपाकघरात जायचं नाही, स्वयंपाकाला बाई लावायची आणि ती सुरी पहिली बाहेर काढायची.

त्या दिवशी मी डबा परत करायला गेले होते. काकी जमिनीवर बसल्या होत्या, सुरी मांडीखाली दाबून. "डोळे गेले तर मी काय म्हनले का?" त्या मुलाला म्हणत होत्या. "आता सुरी बी न्या. मग मला भिताडाला टेकवून ठिवा आन् वर कापड टाका." मुलगा वैतागून नानांना म्हणाला, "तुम्ही सांगा तिला, नाना. धारेतलं तुम्हाला कळतं."

सगळ्यांना वाटलं नाना आता व्याख्यान देणार. नानांनी मुलाची बॅग उचलून गेटपाशी नेऊन ठेवली. मुलगा पुण्याला गेला. स्वयंपाकाची बाई आली आणि दोन दिवसांत काकींच्या तोंडाला कंटाळून गेली.

मग थोड्याच दिवसांत कॉलनीला एक नवी करमणूक मिळाली. नानांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी दिसली. ती निघते न निघते तोच दुसरी, मग पट्टीच्या शेजारी पट्टी. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी साखरभात केला. "दसऱ्याचं सोनं फिरून आलं," त्या म्हणाल्या. ग्रुपवर कोणीतरी अंगठ्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'अठरा.' नानांनी ते पाहिलं असणार, कारण निळ्या खुणा आल्या होत्या. 

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. दुपारी मी कोथिंबिरीची जुडी द्यायला म्हणून समोर गेले. पुढचं दार उघडंच होतं, म्हणून मी घरातून सरळ मागच्या ओसरीत गेले. तिथे नाना सिस्टीम मांडून बसले होते. चिमट्यात काकींची काळी सुरी होती. मी थबकले. एवढी वर्षं मागून न मिळालेली ती वस्तू शेवटी त्यांच्या हाती आली होती.

"मिळाली म्हणायची," मी चेष्टेनं म्हटलं. "अंश किती?"

नानांनी दांडीकडे बोट केलं. ती खांबाच्या अगदी टोकाला अडकवली होती. इतक्या उभ्या कोनात दगड चालवला की धार लागत नाही, जाते.

"बोथट करतोय," नाना म्हणाले. "पण सगळी नाही घालवायची. सगळी घालवली तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की सुरी घसरते. ते जास्त वाईट. मेथीची काडी तुटली पाहिजे आणि कातडी तुटता कामा नये. याच्या मधे कुठंतरी थांबायचंय. पुस्तिकेत न्हाई दिलेलं."

त्यांनी सुरी चिमट्यातून काढली. शेजारी कांद्यांची टोपली होती. त्यांनी उजव्या अंगठ्याची पट्टी सोडली, डाव्या हातात कांदा घेतला आणि डोळे मिटून घेतले. पंजा नाही, पाट नाही. काकी चिरतात तशी सुरी त्यांनी आपल्याकडे, अंगठ्याकडे ओढली. ती अंगठ्यावर आली, तरी ते ओढतच राहिले. पात्याच्या टोकाशी, जुन्या जखमेच्या शेजारी, लाल रेघ उमटली.

"नाना, अहो, लागलं की थांबावं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले आणि धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला. "तिला लागल्याचं कळत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी ती थांबनार न्हाई. मंग मी थांबून कसं चालंल?"

 त्यांनी सुरी पुन्हा चिमट्यात लावली आणि टोकाकडून दगड अगदी हलका, एकदाच फिरवला.

आतून काकींचा आवाज आला, "झालं का न्हाई? मेथी सुकाया लागली."

"आलो. टोकाला जरा राह्यलीय."

पुन्हा कांदा, पुन्हा डोळे मिटून. या वेळी सुरी अंगठ्यावरून सगळी ओढली गेली आणि मागे नुसता पांढरा वळ राहिला. नानांनी तो वळ उजेडाकडे धरून पाहिला. मग सुरी धुतली, सुताची दोरी मुठीला घट्ट केली आणि आत गेले.

पुढे पावसाळ्याआधी ते दोघं पुण्याला मुलाकडे गेले आणि समोरच्या घराला कुलूप लागलं. मला आठवतं ते त्या दुपारचं शेवटचं एवढंच. काकी स्वयंपाकघरात फरशीवर बसल्या होत्या. नानांनी त्यांच्यापुढे वर्तमानपत्र पसरलं, ताजं, अख्खं, आणि त्यावर मेथीची जुडी सोडून ठेवली. काकींनी सुरी हातात घेतली, अंगठा पात्यावरून फिरवला आणि मान हलवली. "आता झाली माझ्या हातची," त्या म्हणाल्या, आणि चिरायला लागल्या, पहिल्यासारख्या, भरभर, तोंडानं शेजारणींना नावं ठेवत. नाना त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. मेथी संपेपर्यंत त्यांनी काकींच्या अंगठ्यावरची नजर हलवली नाही.